ग्रोझ्न्यानहून समुद्र दिसतो तेव्हा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. क्रोएशियातल्या इस्त्रिया द्वीपकल्पातल्या डोंगरी शर्यतीत धावायला जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. आता तुझा प्रश्न: ११० किलोमीटर घेऊ की ६९? ६९ घे.

कारण सांगते. ११० ची शर्यत लोव्रानहून, अगदी समुद्राच्या काठावरून सुटते आणि पहिलाच मोठा चढ उच्का डोंगराच्या वोयाक शिखराचा, १४०० मीटरचा. आपण आतकरवाडीतून सिंहगड चढतो तो साधारण ६०० मीटर. म्हणजे सलग दोन सिंहगड आणि वर थोडं आणखी. पहिल्यांदा गेले तेव्हा मी हीच शर्यत घेतली होती. चढ तर आपल्या रोजच्या सवयीचा, या भरवशावर माणसं मागे टाकत वर गेले. शिखरावरच्या दगडी बुरुजापाशी पोचले तेव्हा फार खुशीत होते. मोतोवुन या टेकडीवरच्या गावी येईपर्यंत मांड्या संपल्या होत्या. चढ अजून जमत होता, उतारावर मात्र शरीराचा भार पेलवेना. पायऱ्या मी भिंतीला हात लावून, आडवी होऊन उतरत होते आणि एक आजीबाई पिशवी घेऊन माझ्या शेजारून भरभर खाली गेल्या. तिथेच छातीवरचा नंबर काढून दिला. नंतर गाडीतून उमागला, म्हणजे शर्यत संपते त्या गावाला, जाताना खिडकीतून उरलेला मुलूख पाहिला. द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं, मधून जाणारे मऊ लाल रस्ते. सगळा धावण्याचा रस्ता होता, आणि धावायला माझ्याकडे काही उरलेलं नव्हतं.

तुला मी एवढंच सांगायला बसले आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. इस्त्रिया पूर्वेला उंच आहे आणि पश्चिमेला एड्रियाटिक समुद्राकडे उतरत जातो. शर्यतही त्याच दिशेने जाते. आपली सह्याद्रीतली मंडळी चढाला तरबेज, खडकाळ उतारालाही घाबरत नाहीत. पण पन्नास किलोमीटर झाल्यावर सपाटीवर सलग धावायचं म्हटलं की गाडी अडते. कारण आपण त्याचा सराव कधी करतच नाही. गड उतरलो की पिठलं-भाकरी, आणि मग घर.

तर पुढचे चार महिने असं कर. आतकरवाडीतून गड दोनदा चढ-उतर, आणि खाली आल्यावर न बसता खडकवासल्याच्या दिशेने दहा किलोमीटर डांबरीवर धाव. वेग कितीही कमी असू दे, चालायचं नाही. पहिल्या दोन-तीन वेळेला वैताग येईल. चौथ्या वेळेला पायांना कळायला लागतं की गड उतरल्यावर काम संपत नाही.

६९ ची सुरुवात बुझेतहून आहे. तिथली जमीन आधी समजून घे. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, पाऊस थांबला की पाणी वाहून जातं. बुझेतच्या आसपास राखाडी चिकणमाती आहे. तिथली माणसं त्या भागाला 'करडा इस्त्रिया'च म्हणतात. दोन दिवस आधी पाऊस झाला असेल तर ती माती बुटाला थरावर थर चिकटते, प्रत्येक पाय अर्धा किलोने जड होतो. झटकून निघत नाही. दर काही मिनिटांनी थांबून काडीने किंवा पोलच्या, म्हणजे हातातल्या काठीच्या, टोकाने खरवडायची. वेळ गेला तरी चालेल, मांड्या वाचतात. बुटाच्या तळाला खोल, एकमेकांपासून लांब असलेले दात हवेत. दाट दातांमध्ये चिखल अडकून बसतो. पश्चिमेकडे आलीस की माती लाल होते, 'लाल इस्त्रिया'. कोकणातल्या मातीची आठवण येईल, पण ती जांभ्याची नव्हे, चुनखडीच्या दगडातून झालेली.

वाटेतली गावं टेकड्यांच्या माथ्यावर आहेत. दुरून पाहिलं की गडच वाटतात: तटबंदी, मधे घंटेचा मनोरा. फरक इतकाच की तिथे अजून माणसं राहतात. हा मुलूख शतकानुशतकं व्हेनिसच्या अमलाखाली होता, म्हणून पाट्या आजही क्रोएशियन आणि इटालियन अशा दोन भाषांत दिसतील. मोतोवुन म्हणजेच मोन्तोना, ग्रोझ्न्यान म्हणजेच ग्रिझिन्याना. थकल्यावर माणूस अशा पाटीसमोर उभा राहून आपण चुकलो की काय म्हणून घाबरतो, म्हणून आत्ताच दोन्ही नावं वहीत लिहून ठेव.

मोतोवुनचा चढ मिरना नदीच्या खोऱ्यातून थेट गावाच्या वेशीपर्यंत जातो. तिथे चाल. हात गुडघ्यांवर ठेवून किंवा पोल रोवत, पण चाल. शेजारची माणसं धावत असतील तर धावू दे. पुढे पुन्हा खोऱ्यात उतरून ऑपर्टाल्यचा तसाच चढ आहे, आणि तो आधीपेक्षा उंच आहे.

थंडीचं मनावर घे. शर्यत एप्रिलमधली. आपल्याकडे तेव्हा अंगाची लाही होत असते आणि तिथे 'बुरा' नावाचा ईशान्येचा वारा सुटला तर बोटं वाकत नाहीत. मी एकदा हातमोजे बॅगेच्या तळाशी ठेवले होते. काढायची वेळ आली तेव्हा चेनच उघडता येईना. वरच्या खिशात ठेव. सक्तीच्या सामानाच्या यादीत हेडलॅम्प, शिट्टी, चंदेरी ब्लँकेट, वॉटरप्रूफ जॅकेट असतंच. पण यादी आहे म्हणून नको, तुझ्यासाठी म्हणून घे.

खाण्याचं. तू शाकाहारी आहेस. थांब्यांवर संत्री, केळी, ब्रेड, चीज, सूप मिळतं. सूप कशाचं आहे ते विचारून घे. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, तेव्हा आईचे तुपातले लाडू घरीच राहू देत. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे (ते तिथेच उकडून घे) एवढ्यावर माझं निभावतं. तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, भूक असो वा नसो. दर अर्ध्या तासाला घड्याळ वाजलं की तोंडात काहीतरी टाक. हेही रविवारच्या धावण्यात करून बघ, पोटालाही सराव लागतो.

व्हिसाचं सोपं झालंय. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसात, आला, चलनही त्याच दिवशी युरो झालं. अपॉइंटमेंट मात्र आजच शोध.

दुसऱ्या वर्षी मी ६९ घेऊन परत गेले. कुंपणांच्या कडेला वाकून एक आजोबा रानटी शतावरीचे कोंब खुडत होते. आपल्या शतावरीच्याच कुळातली ती, एप्रिलमध्ये तिकडे घरोघरी अंड्यात घालून खातात. त्यांनी हातातली जुडी उंच करून मला दाखवली. मीही पोल उंच केला. तेव्हा लक्षात आलं की मला आजूबाजूचं दिसतंय. आदल्या वर्षी याच सुमाराला फक्त स्वतःचे बूट दिसत होते.

ग्रोझ्न्यानच्या माथ्यावर आलीस की पश्चिमेला समुद्र दिसेल. फार जवळ वाटतो. अजून वीसेक किलोमीटर असतात. तिथे घाई करू नकोस. पाणी भर, बुटातले खडे काढ, थोडं खा आणि मग बुयेच्या दिशेने धावायला लाग.

रविवारी पहाटे पाचला आतकरवाडीत भेट. बॅग पूर्ण भरून आण, हातमोज्यांसकट.

तुझी,
ताई