पांढरं कव्हर हस्तिदंताचं नाही, आणि ते पिशवीत बंद करू नका

व्हिएन्नाच्या नाशमार्क्टला शनिवारी जो जुना बाजार भरतो, तिथून घेतलेल्या ज्यू प्रार्थनापुस्तकाचे फोटो तुम्ही टाकलेत. पांढरं गुळगुळीत कव्हर, मधे पितळी नक्षी, कडेला अडकवायची कडी. हस्तिदंत आहे का, किती जुनं आहे आणि साफ कसं करायचं, हे तुमचे तीन प्रश्न.

हस्तिदंत नाही, सेल्युलॉइड आहे, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. तिसऱ्या फोटोतल्या रेघा बघा, दुरेघी वहीसारख्या सरळ आणि सारख्या अंतरावर. खऱ्या दाताच्या रेघा इतक्या शिस्तीत नसतात. आडव्या कापावर तर एकमेकींना छेदणारी बारीक जाळी दिसते. तरी शंका असेल तर अंगठ्याने जरा जोरात घासून वास घ्या. सेल्युलॉइडमध्ये कापूर घालतातच, तो लगेच कळतो. कुणीतरी तापलेली सुई टोचून बघायला सांगेल. त्याचं ऐकू नका, हा पदार्थ भडकन पेटतो. आणि हिरमुसू नका. खरं हस्तिदंत निघालं असतं तर उद्या भारतात आणून विकायची सोयच नव्हती, वन्यजीव कायद्याने तो व्यापार बंद आहे.

आता वय. कव्हरवरून वय ठरवायला जाल तर फसाल. वय आत असतं. पुस्तक उजवीकडून उघडा. शीर्षकपानावर तळाशी हिब्रू अक्षरांत साल असतं, कारण प्रत्येक अक्षराला किंमत आहे. उदाहरणार्थ ताव ४००, रेश २००, सामेख ६०, म्हणजे ६६०. ज्यू सालातला हजाराचा आकडा (इथे ५०००) बहुतेकदा गाळलेला असतो, म्हणून इसवी सन काढायला त्यात १२४० मिळवायचे: १९००. ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, तेव्हा १८९९ची अखेरही त्यातच येते. पण तेच ठसे वर्षानुवर्षं वापरून पुस्तकं छापली जायची, त्यामुळे छापलेल्या सालावर एकट्यावर विसंबू नका.

मी आधी राज्यकर्त्यासाठीची प्रार्थना शोधतो, 'हानोतेन तेशुआ' या शब्दांनी सुरू होणारी. तिच्यात त्या वेळच्या राजाचं नाव घालायची पद्धत होती. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योसेफ सापडला तर मजकूर १८४८ ते १९१६मधला. त्याच्यानंतरचा कार्ल असेल तर १९१६ ते १९१८ एवढ्या दोनच वर्षांतला, आणि मग मला जरूर कळवा!

साफसफाई म्हणजे कोरडा मऊ ब्रश, बस. स्पिरिट नको, ब्रासो तर अजिबात नको. माझं असंच एक पुस्तक मी झिपलॉकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवलं होतं, जपायचं म्हणून. दोन पावसाळ्यांनी बाहेर काढलं तर कडी हिरवी झालेली आणि कडेची पानं पापडासारखी मोडायला लागलेली. सेल्युलॉइड सडताना आम्ल सोडतं, ते कोंडलं की पुस्तकालाच खातं. आम्लमुक्त कागदात सैल गुंडाळा, थंड आणि हवेशीर जागी ठेवा, इतर पुस्तकांपासून लांब.

आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काही लिहिलंय का, तेही बघा. अशी पुस्तकं मुलींना, नवऱ्यामुलींना भेट द्यायचे, म्हणून नाव-तारीख असते. ते खोडू नका. एखाद्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाचा, शिक्का दिसला तर विकायच्या आधी तिथल्या ज्यू समाजाच्या संस्थेला दाखवा. नोव्हेंबर १९३८मध्ये नात्झींनी व्हिएन्नातली सिनेगॉग जाळली; दाटीच्या घरांमध्ये बांधलेलं श्टाटटेम्पल तेवढं वाचलं. त्या काळात कुणाची पुस्तकं कुठे गेली याला हिशेब नाही.

पानं सुटली तरी रद्दीत टाकू नका. देवाचं नाव लिहिलेलं पुस्तक ज्यू लोक फेकत नाहीत, पुरतात.

जाता जाता: १८७४मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, छापली गेली, आपल्या बेने इस्रायलींसाठी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी. तिच्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करतायत. तिची मूळ प्रत कुठे दिसली तर घासाघीस करत बसू नका.