सात आठवडे कसे काढू?

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. साडेआठला त्याला अंथरुणावर नेते, झोप लागते अकराला. तास-दीड तासाने ताडकन उठून बसतो आणि किंचाळायला लागतो. डोळे उघडे असतात, पण मला ओळखत नाही. जवळ घ्यायला गेलं तर ढकलतो. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप आडवा होतो. सकाळी विचारलं तर त्याला काही आठवत नसतं. मग तीनला पुन्हा जाग. या वेळी अगदी टक्क जागा, आणि पाचपर्यंत त्याला खेळायचं असतं. दहा महिने हेच चाललं आहे. लहान मुलांच्या झोपेच्या तज्ज्ञांची वेळ मिळाली, तीही सात आठवड्यांनंतरची. सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवलंय. एका मैत्रिणीने सर्दीचं गुंगी आणणारं औषध सुचवलं आहे. झोपला की बाबांसारखा घोरतो, तेवढीच काय ती शांतता. परवा पहाटे मी त्याला जवळजवळ आदळलंच अंथरुणावर, आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. सकाळी त्याला गाडीवरून बालवाडीत सोडून मी कामाला जाते. सात आठवडे कसे काढू?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. किंचाळण्याबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि घोरण्याबद्दल एक. त्या एका ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी एकवीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होते आणि त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेली. साडेचार वर्षांचं मूल सर्दी नसतानाही रोज घोरत असेल, तर ती शांतता समजू नका. या वयात घशातले टॉन्सिल आणि नाकामागच्या अॅडेनॉइड नावाच्या गाठी श्वासाच्या वाटेच्या मानाने मोठ्या असतात. जागेपणी स्नायू वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात आणि वाट चिंचोळी होते. मग मूल श्वासासाठी झटतं, झोप अर्धवट मोडते, पुन्हा लागते, पुन्हा मोडते. गाढ झोपेतून असं अर्धवट वर येताना काही मुलं नेमकी तुमच्या मुलासारखी किंचाळत उठतात. त्याच्या बाबतीत हेच कारण आहे असं मी म्हणत नाही, ते तपासल्याशिवाय कोणीच म्हणू नये. पण हे तपासायला सात आठवडे थांबायची गरज नाही. तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर याच आठवड्यात त्याचा घसा बघू शकतात.

आज रात्री तो झोपल्यावर शेजारी दहा मिनिटं बसा. तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का? मान मागे टाकून झोपतो का? उशी घामाने भिजते का? घोरणं मध्येच थांबून, काही क्षण काहीच ऐकू न येता, मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास येतो का? श्वास घेताना छाती आत ओढली जाते का? सदरा थोडा वर करून, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असं एक-दोन मिनिटांचं मोबाईलवर चित्रीकरण करा, आवाजासकट. डॉक्टरांसमोर मूल जागं असतं आणि जागं मूल घोरत नाही; हे चित्रीकरण तुमच्या शंभर वाक्यांचं काम करेल. ओठ निळसर दिसले, श्वास थांबून परत येत नाही असं वाटलं किंवा मूल हलवूनही जागं होत नसेल, तर चित्रीकरण वगैरे सोडा आणि थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक विचारते. झोपताना ‘पाय चोळून दे’ म्हणतो का, पाय सारखे हलवतो का? शरीरातला लोहाचा साठा कमी असला की काही मुलांना पायांत अशी चुळबुळ होते आणि झोप लागत नाही. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा कमी असू शकतो, म्हणून हा साठा दाखवणारी फेरिटिन नावाची रक्ततपासणी करायची का, हे त्याच भेटीत विचारा. लोहाचं औषध मात्र मनाने सुरू करू नका.

आता किंचाळणं. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात होतं, ओळख नसते, सकाळी आठवत नाही, हे वर्णन झोपेतल्या भयाच्या झटक्याशी जुळतं. वाईट स्वप्न वेगळं. ते बहुधा पहाटेकडे पडतं, मूल पूर्ण जागं होतं, बिलगतं, काय दिसलं ते सांगतं. झटक्यात मूल खरं तर झोपेतच असतं, म्हणून तर तो तुम्हाला ढकलतो. तो तुम्हाला नाकारत नाही, ताई. त्याला तुम्ही दिसतच नाही. माझ्या धाकट्याने पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं होतं. नर्स असून. त्याने झटका लांबला आणि तो खरोखरचा घाबरून जागा झाला. हलवू नका, प्रश्न विचारू नका, दिवा लावू नका. तो पडणार नाही, आपटणार नाही एवढं बघत शेजारी बसून राहा. खिडकी बंद, जिन्याची वाट अडवलेली, अंथरुणाजवळ टोकदार काही नाही, हे रोज झोपण्याआधी बघून ठेवा. मात्र हात-पाय ताठ होत असतील, आचके येत असतील, किंवा रात्रीतून अनेकदा अगदी ठरावीक तीच हालचाल होत असेल, तर ते चित्रित करून लगेच डॉक्टरांना दाखवा. फिटची शक्यता त्यांना तपासावी लागेल.

वही आजच सुरू करा. माझी चूक सांगते. मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर फक्त वाईट रात्री लिहिल्या होत्या. डॉक्टरांनी पानं चाळली आणि विचारलं, चांगली रात्र कधी होती? मला सांगता येईना. त्या रात्रींत काय वेगळं होतं हेच त्यांना हवं होतं. तेव्हा रोजचं लिहा: दुपारी किती ते किती झोपला, रात्री आडवा कधी झाला, झोप लागली कधी, जाग कधी आणि किती वेळ, सकाळी कधी उठला, सर्दी-ताप होता का. मिनिटांचा हिशोब नको, अंदाजे चालेल. रात्री घड्याळाकडे बघत राहिलात तर तुमचीही झोप उडेल. मी शेवटी भिंतीवरच्या घड्याळावर फडकं टाकलं होतं आणि सकाळी आठवून लिहायला लागले. झोपलेल्या मुलाकडे नीट बघण्याला मी फार मानते. बुबुळांच्या वेगवान हालचालींची, स्वप्नांची ती झोप जगाला 1953 साली कळली, आणि ती शोधणाऱ्या युजीन अॅसेरिन्स्की यांनी सुरुवातीच्या नोंदी घेतल्या त्या स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला यंत्राच्या तारा लावून.

साडेआठ ते अकरा हे अडीच तास मला सर्वांत जास्त खटकतात. त्या वेळात तो झोपत नाही, अंथरुणावर जागं राहायला शिकतो आणि तुम्ही दोघंही दमता. काही दिवस त्याला पावणेअकरालाच अंथरुणावर न्या. हो, इतक्या उशिरा. त्याआधीचा वेळ मंद उजेडात, टीव्ही-मोबाईलशिवाय, रोज त्याच क्रमाने जाऊ द्या. सकाळी उठवायची वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही, आणि उठल्यावर त्याला उजेडात न्या. पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागायला लागली की दर तीन-चार दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत रेंगाळत असेल तर ती आधी आटपा. या वयाला दिवसाची झोप धरून चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप लागते, तेव्हा उशिरा निजवणं हा कायमचा मुक्काम नाही, काही आठवड्यांचा रस्ता आहे. दिवसा तो पेंगायला लागला तर हा प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.

तीन ते पाच या वेळेत त्याला ओरडून झोपवता येणार नाही. कुणालाच कुणाला झोपवता येत नाही, आपण फक्त जागं राहणं कंटाळवाणं करू शकतो. अंधार, खेळणी बाहेर, मोबाईल नाही, गोष्ट नाही. तुम्ही शेजारी, आणि दर वेळी तेच एक वाक्य. मी ‘अजून रात्र आहे, मी इथे आहे’ एवढंच म्हणायचे. पहिल्या चार-पाच रात्री तो जास्त रडेल. पाचव्या रात्री दमून खेळणं हातात दिलंत तर सहावी रात्र आणखी अवघड जाते, म्हणून ज्या आठवड्यात घरात दोघं असाल तोच आठवडा यासाठी निवडा.

सर्दीचं औषध देऊ नका. गुंगीसाठी ते द्यायचं नसतं, काही मुलं त्याने उलट चेकाळतात. आणि श्वासाच्या वाटेचाच प्रश्न असेल, तर गुंगी आणणारं काहीही धोक्याचं ठरू शकतं. मेलाटोनिनबद्दलही कुणीतरी सांगेलच. अंधार पडल्यावर मेंदूत तयार होणारं ते संप्रेरक आहे. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, त्याचा उपयोग होतो. पण किती, कधी आणि द्यायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं.

सासूबाईंना म्हणावं, तो हट्टाने किंचाळत नाही, त्याला आठवतही नाही. ते चित्रीकरण त्यांनाही दाखवा. माझ्या घरी वाद त्याच दिवशी संपला होता.

आता तुमच्याबद्दल. त्या पहाटे तुम्ही बाथरूममध्ये गेलात ते योग्य केलंत, फक्त थोडं आधी जायला हवं होतं. हात थरथरायला लागले, दात आवळले गेले, की मुलाला अंथरुणावर सुखरूप ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच मिनिटं बाहेर थांबा. सुरक्षित जागी पाच मिनिटं रडल्याने मुलाला इजा होत नाही. त्याला किंवा स्वतःला काही करून बसेन असा विचार आला, तर त्याच दिवशी नवऱ्याला सांगा, डॉक्टरांना सांगा, आणि त्या रात्री मुलाजवळ एकट्या राहू नका. असे विचार न झोपलेल्या चांगल्या आयांनाही येतात. मी ते वॉर्डात ऐकले आहेत आणि एकदा स्वतःच्या डोक्यातही.

रात्र वाटून घ्या. तुमच्या पत्रात बाबा फक्त घोरताना भेटतात. एकाने नऊ ते दोन दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं, दुसऱ्याने दोन ते सात. दोघांनी मिळून जागण्यात प्रेम असतं, पण सकाळी दोघंही निकामी होतात. सलग पाच तासांनी काय फरक पडतो ते तिसऱ्या दिवशी कळेल. आणि गाडी. सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया दारू प्यायलेल्यासारखी मंदावते, हे 1997 साली मोजून दाखवलं गेलं आहे. तुम्ही तर दहा महिने तुटक झोपेवर आहात, आणि मागे साडेचार वर्षांचं मूल बसलेलं असतं. ज्या रात्री झोप झाली नाही त्या सकाळी गाडी काढू नका. बालवाडीत उशीर झाला तर होऊ द्या.

उद्या सकाळी तज्ज्ञांकडे फोन करा. ‘अपॉइंटमेंट लवकर मिळेल का’ असं विचारलंत तर नाही म्हणतील. असं सांगा: ‘मुलगा साडेचार वर्षांचा, रोज रात्री घोरतो, तास-दीड तासाने किंचाळत उठतो, आम्ही चित्रीकरण केलं आहे, कुणाची वेळ रद्द झाली तर आम्ही आयत्या वेळी येऊ.’ श्वास अडकताना दिसला असेल तर तेही पहिल्याच वाक्यात सांगा. आणि घसा बघून डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा. मी वाट बघते आहे.