मराठीचा अभिमान असलेल्यांना भाषेची सक्ती का हवीशी वाटते?

तुम्ही विचारलंय की, स्वतःला कट्टर मराठी म्हणवणारे लोक इतर भाषांवर बंधनं घालणाऱ्या नियमांना एवढा पाठिंबा का देतात. भीतीपोटी देतात. आपल्याच गावात आपली भाषा मागे पडेल ही भीती खरी आहे, तिची टिंगल करू नका.

मी मूळचा सटाण्याकडचा, घरात अहिराणी बोली. 1991 साली वडिलांची बदली झाली, आम्ही नाशकात सिडकोत आलो आणि मला तिथल्या शाळेत सहावीत घातलं. पहिल्याच आठवड्यात गणिताच्या तासाला मी उठून म्हणालो, "माले समजनं नही." वर्ग हसला. सरांनी नियमच केला, अहिराणी शब्द निघाला की चार आणे दंड. महिनाभरात मी वर्गात बोलणंच सोडून दिलं. सहामाहीचं प्रगतिपुस्तक घ्यायला आई आली आणि तिने दारातूनच विचारलं, "कथा बसू, गुर्जी?" म्हणजे कुठे बसू. पोरं पुन्हा हसली. घरी येताना मी तिच्या दहा पावलं पुढे चालत होतो. तिच्या लक्षात आलं. पुढे ती शाळेत कधी आली नाही, वडील, म्हणजे अण्णाच यायचे. 2009 साली आई गेली. त्या दिवसाबद्दल आम्ही शेवटपर्यंत बोललो नाही.

अण्णांचं म्हणणं होतं, सरांचं बरोबर आहे, नाशकात राहायचं तर बोलणं सुधारायला हवं. हेच अण्णा एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला तेव्हा पेटून उठले. "सहा वर्षांच्या लेकराच्या तोंडात सरकार भाषा कोंबणार?" माझाही विरोधच होता, 29 जूनला सरकारने तो मागे घेतला तेव्हा मी पेढे आणले. पण मी म्हणालो, अण्णा, माझ्याबाबतीत सरांनी दुसरं काय केलं? ते म्हणाले, "ते वेगळं."

ते वेगळं नव्हतं.

इथे राहून कमावतो तो आपला, असं मानणाऱ्याला दुकानावर मराठी पाटी आणि सरकारी खिडकीवर मराठी उत्तर मिळालं की पुरतं. ते मागणं रास्तच आहे. आपल्याकडच्या दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीत पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असं आहे, दुसरी भाषा पुसा असं नाही. कॅनडातल्या क्वेबेकने 1977 साली पाट्या फक्त फ्रेंचमध्येच हव्यात असा कायदा केला, तो भाग 1988 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. आज तिथे फ्रेंच ठळक असली की इतर भाषा चालते. पण आपल्यासारखं बोलतो तोच आपला, असं ज्याच्या मनात बसलंय त्याला पाटी पुरत नाही, त्याला दंड लागतो. आणि तो दंड परप्रांतीयापाशी थांबत नाही, सटाण्याच्या पोरापर्यंत येतो.

मराठी शिकवूच नका, असं मी म्हणत नाही. सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा 2020 चा कायदा मला मान्य आहे. शिकवणं वेगळं आणि घरची भाषा तोंडातून काढून घेणं वेगळं. सरांचं गणितही उत्तम होतं, हेही सांगतो.

तुमची मुलं शाळेत असतील तर एवढं करा, घरच्या बोलीवरून कोणी त्यांना हसलं तर त्याच दिवशी शाळेत जा. अण्णा, पुतण्या तुम्हाला हे मोबाईलवर दाखवेल. चार आण्यांचं मला काही नाही. आईसाठी तुम्ही एकदा सरांशी बोलायला हवं होतं.