वाचकांचे प्रश्न : ‘आयर्विनला पाणी ४२ फूट’, पण कधीचं?

प्रश्न : सांगलीत गावभागात आमच्या अपार्टमेंटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कोयनेचा विसर्ग वाढला की पाणीपातळीचे मेसेज आणि फोटो दिवसभर येत राहतात. खरं कोणतं, हे कसं ओळखायचं?

उत्तर : सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आता नुसतं ‘४२ फूट’ आलं तर त्याचं करायचं काय? पाणी चढतं असेल तर गाड्या हलवायच्या, उतरतं असेल तर नाही. आणि नेमकं तेवढंच त्या मेसेजमध्ये नसतं. फॉरवर्डवर दिसते ती तुमच्या ग्रुपवर येऊन पडल्याची वेळ, मूळ मेसेज लिहिल्याची नव्हे. साधा फोटो पाठवताना कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख आणि जागा गळून जाते, म्हणून २०१९चा फोटो आजचा म्हणून सहज खपतो. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो बऱ्याच हातांतून आलाय. व्हॉट्सअ‍ॅप असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं. आपण तेवढंही करू नये.

उपाय म्हणजे सूचनांचा ग्रुप वेगळा काढा आणि सेटिंगमध्ये मेसेज पाठवायची मुभा फक्त अ‍ॅडमिनना ठेवा. अ‍ॅडमिन तिघे असावेत, त्यातला एक पूरपट्ट्याबाहेर राहणारा. वीज गेली की इमारतीतले फोन एकदमच बंद पडतात. मेसेजचा साचा ठरवून टाका : ‘आयर्विन ४१ फूट, सकाळी ८, चढतंय, माहिती पाटबंधारे विभागाची.’ तो २४ तासांसाठी पिन करा, नवा आकडा आला की जुना काढा. जुन्याच मेसेजमध्ये आकडा बदलू नका. एडिट १५ मिनिटांतच करता येतं आणि आधी वाचलेला माणूस पुन्हा तिथे बघायला येत नाही. आयर्विनला किती फूट झाले की आपल्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं, हे जुन्या रहिवाशांना विचारून ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा हाच कामाचा.

ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं, असं मात्र धरू नका. आपला मेसेज दाबून धरून ‘माहिती’ उघडली की कोणी वाचलं ते दिसतं. निळ्या टिका बंद ठेवणारेही ग्रुपमध्ये यातून सुटत नाहीत. ज्यांची नावं दिसत नाहीत त्यांना फोन करा, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचं दार वाजवा.

प्रश्न : साताऱ्यात घरच्या ग्रुपवर वर्षश्राद्धाचं कळवलं, तर निम्म्यांनी नुसता अंगठा दाखवला. येणार किती, हे कसं समजावं?

उत्तर : अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ इतकाच धरा. पोल टाका : ‘येणार’, ‘येणार नाही’, ‘जेवायला नाही, दर्शनाला येऊ’. एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा बंद करा, नाहीतर पानांचा हिशेब चुकतो. पोलमध्ये एका फोनचं एकच मत पडतं, तेव्हा घरटी माणसं किती ते वेगळं विचारावं लागेल. आत्या, मामा, थोरले काका यांना मात्र फोनच करावा. ग्रुपवरच्या बोलावण्याला ती बोलावणं मानत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतंय असं आम्हाला वाटत नाही.