प्रश्न तुमचे : ट्यूबमध्ये बिघडणारं रक्त

प्रश्न : उंदरांच्या रक्तात ग्लुटाथायोन (पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवणारा रेणू) मोजतो. त्यातलं ऑक्सिडाइज्ड रूप कधी दोन टक्के येतं, कधी बारा. रेणू वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर दोनदा कॅलिब्रेट केला, जड समस्थानिकांचं इंटर्नल स्टँडर्डही (तुलनेसाठी ठरावीक मात्रेतला, जरा जड असा तोच रेणू) घालतो. चूक कुठे होते?
– एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : तुम्हाला बाराचा धक्का बसलाय, मला दोनचाही संशय येतो. निरोगी प्राण्याच्या रक्तात हा वाटा एका टक्क्याच्या आत असतो. मशीनला सोडा. रक्त काढल्यावर पुढची पाच मिनिटं काय करता, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

मी नवखी असताना आठही उंदीर उरकूनच ट्यूबांकडे वळायचे. पहिल्याचं रक्त चाळीस मिनिटं बर्फात, शेवटच्याचं चार. आकडे त्याच क्रमाने उतरले आणि मी ते औषधाचा गुण समजून बसले, कारण कंट्रोल, म्हणजे औषध न दिलेले उंदीर, आधी घेतले होते! महिना गेला त्यात.

‘आम्ल घातलं की सगळं थांबतं’ हा दुसरा घोटाळा. प्रथिनं साकळतात खरी, पण त्या गडबडीत हिमोग्लोबिनच्या संगतीनं ग्लुटाथायोन ऑक्सिडाइज होतं. म्हणून आधी एन-एथिलमॅलेमाइड हे रसायन. ते ट्यूबमध्ये आधीच हवं, रक्त थेट त्यावर पडलं पाहिजे. ते ग्लुटाथायोनचा सल्फरचा गट अडवून ठेवतं, ऑक्सिडाइज्ड रूप परत पालटवणारं रिडक्टेज एन्झाइमही बंद पाडतं. मिनिटभर हलवा, मग आम्ल. द्रावण त्याच दिवशी करा, पाण्यात ते टिकत नाही. आणि हातमोजे घाला, डोळ्यांना फार झोंबतं.

इंटर्नल स्टँडर्ड घालण्याआधी जे बिघडलं, त्याची त्याला खबर नसते. एकदा समस्थानिकवालं ग्लुटाथायोन रक्त घेतानाच घालून बघा. ते ऑक्सिडाइज्ड रूपात सापडलं, तर तेवढी करामत तुमच्या हातची, उंदराची नाही.

यकृताकडे वळलात तर घाई आणखी. रक्तपुरवठा तुटला की एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, काही सेकंदांत घसरू लागतं. तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये नुसता टाकू नका. भोवती वायूचं आवरण धरतं आणि आतला भाग गोठायला वेळ लागतो. उणे १९६ अंशांवर थंड केलेल्या सपाट धातूच्या चिमट्यात दाबून पातळ करा.

जुन्या नमुन्यांतून एकूण ग्लुटाथायोनचा अंदाज मिळेल, दोन रूपांचं गुणोत्तर गेलं. टाकण्याआधी एक करा. रक्त घेतल्याची वेळ लिहिलेली असेल, तर आकडे त्या क्रमाने लावून पाहा.