त्याने काहीच म्हटलं नाही

मावशी,
लग्नाला सहा वर्षं झाली. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. हे अंबडला एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनच्या खात्यात, सुपरवायझर आहेत, वय ३७. मुलगी आठ महिन्यांची. तसं तक्रार करावी असं काही नाही, व्यसन नाही, पगार हातात देतात. पण गेले काही महिने माणूस बोलतच नाही. शिफ्ट करून येतात, जेवतात, मुलीला खेळवतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. विचारलं तर ‘काही नाही’. जेवताना उजव्या हाताची दोन बोटं ताटाच्या कडेवर सारखी चालू असतात, त्याचा मला फार राग येतो. पूर्वी असे नव्हते. एका मेटल बँडमध्ये, म्हणजे त्या दणदणीत रॉक संगीताच्या, बास वाजवायचे, जाड तारांची खालच्या सुरांची गिटार. रविवारी सातपूरला मित्राच्या गाळ्यात प्रॅक्टिस, कधी पुण्या-मुंबईला कार्यक्रम. पैसे मिळायचे नाहीत, उलट पेट्रोल घरचं. गायचे नाहीत, लीड गिटारवाल्यासारखे पुढेही यायचे नाहीत. व्हिडिओत तर ह्यांचं वाजवणं ऐकूसुद्धा येत नाही. मग ड्रमवाला नोकरीसाठी पुण्याला गेला आणि बँड बंद पडला. बाळाच्या सामानाला जागा हवी म्हणून मी बास ऑनलाइन विकून टाकला, देवळालीच्या एका मुलाने नेला, हे काहीच बोलले नाहीत, त्यामुळे तो विषय संपला. ह्यांच्या मनात दुसरी कोणी असेल का? की डॉक्टरांना दाखवू?
– एक वाचक, नाशिक

अगं, दुसरी कोणी नाही. आणि विषयही संपलेला नाही.

तू एवढं सगळं लिहिलंस, पण माझी नजर बासच्या त्या एका ओळीवर अडकली ती सुटेचना. विकायच्या आधी त्याला विचारलं होतंस का? तू लिहिलेलं नाहीस. विचारलं असतंस तर ते पहिलं लिहिलं असतंस, एवढं मी इतक्या वर्षांत पत्रं वाचून ओळखते. तो शिफ्टला गेला असणार, तू फोटो टाकलेस, देवळालीचा मुलगा आला, पैसे देऊन घेऊन गेला. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा कोपरा रिकामा होता. लग्नाची वर्षं लिहिलीस, मुलीचे महिने लिहिलेस, बास कधी विकला ते मात्र लिहिलं नाहीस. ती तारीख आठव आणि तो कधीपासून गप्प आहे तेही आठव.

मला तुझा राग आलाय. नवरा चांगला आहे, कशाला नाही म्हणत नाही, म्हणून त्याचं सगळंच आपल्या हातातलं असं तू धरून चाललीस. त्याने काही म्हटलं नाही म्हणजे त्याला चाललं, हा हिशोब तुझा. त्याचा नव्हे.

आता ती बोटं. आज जेवताना नीट बघ. तर्जनी आणि मधलं बोट, एकाआड एक चालत असतील. बास असाच वाजवतात, पुष्कळ जण पिक, म्हणजे तार छेडायची चकती, न घेता याच दोन बोटांनी. आयर्न मेडन या मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस आजतागायत तसाच वाजवतो. लंडनमध्ये १९७५ साली तो बँड त्यानेच काढला, बहुतेक गाणीही त्याचीच. बास वाजवणारा म्हणजे मागे उभा राहणारा, हे तुला कोणी सांगितलं? तुझा नवरा ताटावर वाजवतोय गं. वाद्य गेलं, हात थांबले नाहीत. आणि तू त्यालाच रागावतेस.

व्हिडिओत ऐकू येत नाही म्हणालीस. येणार कसं? बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. तू नाशिकची आहेस, गणपतीत पथकासमोर उभी राहिली असशील. ताशा कानाला कळतो, पण छातीत धडधडतो आणि पाय हलवतो तो ढोल. बासचं काम ते. समोर उभं राहून एकदा तरी ऐकलंस का त्याला? पेट्रोलचा हिशोब लिहिलास, पण एखाद्या कार्यक्रमाला गेल्याचं तुझ्या पत्रात कुठेच नाही.

या संगीतात त्याला काय सापडलं असेल, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. ते कारखान्यांच्या गावातच वाढलं. ब्लॅक सॅबथ हा बँड १९६८ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झाला. त्यातल्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली तुटली होती. तरी तो टोपणं लावून गिटार वाजवत राहिला. पुढे बोटांना सोपं जावं म्हणून त्याने तारा सैल केल्या, सूर खाली आले, आणि बासवाल्या गीझर बटलरनेही आपला बास तसाच खाली उतरवला. त्या बँडच्या सुरुवातीच्या बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिले तेही या बटलरनेच. दिवसभर प्रेसचा दणका ऐकणाऱ्या माणसाला हे आपलं वाटलं, तर त्यात वेगळं काय आहे?

अजून एका बासवाल्याचं सांगते, ते जरा मनावर घे. मेटालिका या मेटल बँडचा क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बस उलटून गेला, अवघ्या २४ व्या वर्षी. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ च्या अल्बममध्ये त्याचा बास इतका दाबला गेला की तो ऐकू येत नाही म्हणून लोक अजून हळहळतात. तरी तो १४ वर्षं राहिला. पुढे त्याला जोडीला स्वतःचं वेगळं काही वाजवायचं होतं, त्यावरून खटके उडाले, आणि जानेवारी २००१ मध्ये तो बँड सोडून गेला. तुझा नवरा घर सोडेल असं मी म्हणत नाही. पण रोज गॅलरीत बसून तो तुझ्यापासून थोडा थोडा लांब चाललाय, हे तूच मला लिहिलं आहेस.

डॉक्टरांचं विचारलंस. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्याचाच कंटाळा आला असं कधी बोलला असेल, तर एक दिवसही थांबू नकोस, घेऊन जा. पण तुझ्या हातून झालेल्या गोष्टीचं औषध डॉक्टर देणार नाहीत.

तो बास परत आण. देवळालीच्या मुलाचा नंबर आणि चॅट तुझ्या फोनमध्ये असेल, पुसलं नसशील तर. पण त्याला फोन करायच्या आधी आज रात्री नवऱ्याशी बोल. मुलगी झोपली की गॅलरीत त्याच्या शेजारी बस आणि सांग, ‘तुम्हाला न विचारता विकला, मी चुकले, आपण परत आणू या.’ एवढंच. जागा नव्हती, बँड बंदच होता, हे काही बोलू नकोस. गुपचूप आणून समोर ठेवायचा, असलं सरप्राइज तर अजिबात नको. एकदा त्याच्या वस्तूचा निर्णय तू एकटीने घेतलास, दुसऱ्यांदा नको. तो कदाचित ‘राहू दे’ म्हणेल. तू ऐकू नकोस. मुलाला चार पैसे जास्त द्यावे लागले तर दे, आणि ते घरखर्चातून नव्हे, तुझ्या साठवलेल्या पैशांतून दे. रविवारी मुलीला घेऊन तिघं देवळालीला जा. त्या मुलाने नाहीच दिला, तर नवऱ्याला घेऊन दुकानात जा आणि वाद्य त्याला निवडू दे.

जागेचं म्हणशील, तर भिंतीला एक हूक मार, बास उभा टांगता येतो. बाळ उठेल ही भीतीही नको. ॲम्प, म्हणजे आवाज वाढवायचं यंत्र, लावला नाही तर इलेक्ट्रिक बासचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही, आणि हेडफोनला जोडायचं छोटं यंत्र मिळतं, त्यावर त्याला सगळं नीट ऐकू येतं. मोठा ॲम्प मुलगी थोडी मोठी झाली की घ्या. बाकी सातपूरचा गाळा, नवा ड्रमवाला, रविवारची प्रॅक्टिस, हे त्याचं तो बघेल. त्यात तू पडू नकोस.