रोज कामाला जायला बाइक घ्यावी का, की धोका फार आहे?

वेळ वाचतो, पार्किंगची कटकट नाही, इंधन कमी लागतं, हे सगळं खरं आहे. पण बाइकवर तुमच्याभोवती पत्रा नसतो, एअरबॅग नसते. कारमध्ये ज्या धडकेत बंपर चेपतो, तिथे बाइकवर हाड मोडतं. हे मान्य करूनच निर्णय घ्या.

माझं मत विचाराल तर घ्या, पण धोका कमी करणं बऱ्याच अंशी तुमच्याच हातात आहे हे लक्षात ठेवून. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. पट्टा न लावलेलं हेल्मेट मात्र पहिल्या आदळण्यातच उडून जातं. दुसरी गोष्ट वेगाची. ताशी ४० वरून ६० वर गेलात की धडकेची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोनपट होते, आणि रोजच्या छोट्या अंतरात वाचतात जेमतेम काही मिनिटं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेलीच बाइक घ्या, त्यात काटकसर नको.

चौकात सगळ्यात जास्त जपा. समोरून वळणाऱ्या कारवाल्याला तुम्ही दिसलाच नाहीत, असं धरून चाला.

पाऊस जोरात असेल, झोप अपुरी झाली असेल, तर त्या दिवशी सरळ बसने जा. आणि रोजचा रस्ता भरधाव ट्रकांच्या महामार्गाचाच असेल, तर मी बाइक घ्या असं म्हणणार नाही.